दुसरा हात

त्या गाडीचे मूळ इंजिन दोघा माणसांनी हातांवर उचलून फळीवर ठेवले, इतके ते हलके होते. तीस वर्षांपूर्वीची, चार माणसे अंग चोरून बसतील एवढीशी ती गाडी. नवी कोरी होती तेव्हाही तिच्याकडून वेगाची अपेक्षा कोणी केली नव्हती. तिच्या पोटात आता जे बसवायचे होते, ते ट्रकमधून उतरवताना चेनपुलीची तिकाटी कुरकुरली. एका चेंगरलेल्या स्पोर्ट्स कारचे इंजिन, तिचाच गिअरबॉक्स, तिचाच लांब शाफ्ट आणि तिचाच मागचा अ‍ॅक्सल. मूळ गाडीत इंजिनाचे बळ पुढच्या चाकांना मिळे. आता ते गाडीच्या तळाखालून शाफ्टमार्गे मागच्या चाकांना जाणार होते. त्यासाठी गॅरेजच्या मालकिणीच्या मुलाने गाडीचा तळ मधोमध कापला होता आणि पत्रा वाकवून, ड्रायव्हरच्या डाव्या पायाला लागून, बोगद्यासारखी एक वाट तयार केली होती.

मोठ्या बाई हे सारे आपल्या काचेच्या खोलीतून पाहत होत्या. गॅरेज त्यांच्या यजमानांनी उभे केले आणि त्यांच्या मागे नऊ वर्षे बाईंनी ते चालवले. मुलगा चाळिशीला आला तरी गॅरेजातला शेवटचा शब्द बाईंचाच असे, आणि त्या तो शब्द दोनदा उच्चारत नसत.

मुलाने ही गाडी टेकडीवरच्या चढाच्या शर्यतीत उतरवायचे मनात घेतले होते. वीस वर्षे लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्या, एकदा तरी आपल्या हातची म्हणून कोणी एका गाडीकडे बोट दाखवावे, एवढीच त्याची हौस होती. बाईंनी त्याला अडवले नाही. गाडीभोवती एक फेरी मारून त्या एवढेच म्हणाल्या, "बाळंतिणीच्या खोलीत पैलवान झोपवतोयस. खाट मजबूत कर म्हणजे झालं."

"करतोय की, आई. तुझ्या सुनेने ब्रेक बदलले, चार ठिकाणी पत्र्याला जोड दिला. आता काय गादी घालू?"

"गादी नको. बोल्ट घाल."

यावर घड्याळ मोठ्याने हसला. घड्याळ म्हणजे गॅरेजचा सर्वांत जुना फिटर. तीस वर्षांत एकदाही वेळेवर न आल्यामुळे त्याला हे नाव पडले होते आणि त्याची बायकोसुद्धा त्याला त्याच नावाने हाक मारी.

सून ही मुलाइतकीच, किंबहुना त्याच्याहून बरी कारागीर होती. लग्न होऊन आली तेव्हा तिला पान्यांचे आकडेही ठाऊक नव्हते. आता बंद बॉनेटवर हात ठेवून ती इंजिनाचा आजार ओळखी. बाईंनी तिला सारे काही शिकवले होते, एक गोष्ट वगळून. ती गोष्ट म्हणजे दुसरा हात.

या गॅरेजाची ती रीत होती. ज्या बोल्टवर माणसाचा जीव अवलंबून असतो, तो एका हाताने पुरा आवळायचा नाही. पहिल्या हाताने साध्या पान्याने बोल्ट घट्ट करत आणायचा आणि शेवटचा पिळा जाणूनबुजून राखून ठेवायचा. मग दुसऱ्या माणसाने टॉर्क रेंच घेऊन तो पुरा करायचा. टॉर्क रेंच हा लांब दांड्याचा पाना; त्याच्या मुठीशी आकडा लावला की तेवढा जोर पोचल्यावर तो टक् असा आवाज करतो. टक् ऐकू आले की बोल्टवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढायची. पहिल्याने सारेच आवळून ठेवले तर दुसऱ्याची तपासणी निव्वळ देखावा होईल, असे यजमानांचे म्हणणे होते. दुसऱ्याच्या हाताखाली बोल्ट थोडा तरी फिरलाच पाहिजे. इतर गॅरेजांतले लोक या रीतीला हसत. पण इथून बाहेर पडलेल्या गाडीचा बोल्ट चाळीस वर्षांत कधी सुटला नव्हता, आणि ती पांढरी रेघ गेली तीस वर्षे बाईंच्या हातची होती.

सहा महिन्यांपूर्वी जिन्यावरून पाय घसरला तेव्हा बाईंनी उजव्या हाताने कठडा धरला होता. पडल्या नाहीत, पण खांद्यात काहीतरी तुटल्यासारखे झाले. त्यांनी कोणाला सांगितले नाही. डॉक्टरकडे गेल्या असत्या तर मुलगा बरोबर आला असता, आणि मुलगा आला असता तर दुसऱ्या दिवसापासून टॉर्क रेंच सुनेच्या हातात गेला असता. त्या केस डाव्या हाताने विंचरू लागल्या, तेही घर जागे होण्यापूर्वी. जमिनीवरची कामे त्या अंगाचा भार टाकून निभावत. अडचण होती ती लिफ्टवर चढवलेल्या गाडीखालची, कारण तिथे हात डोक्यावर नेऊन ओढावे लागे, आणि हात खांद्याच्या वर गेला की डोळ्यांपुढे काजवे चमकत.

पहिल्या खेपेला त्यांनी दोनदा ओढून पाहिले. टक् आले नाही. शेजारी घड्याळ हातात रंगाची डबी घेऊन उभा होता. तेव्हा बाईंनी मुठीचा आकडा पासष्टवरून तीसवर आणला. आकडे बारीक होते आणि तळव्याखाली झाकलेले होते. पुन्हा ओढले. टक्. तो आवाज साऱ्या गॅरेजात ऐकू गेला, आणि बाईंनी रेघ ओढली.

खांदा बरा झाला की या गाड्या बोलावून घेऊ, असे त्यांनी स्वतःला सांगितले. खांदा बरा झाला नाही. अधूनमधून एखादी गाडी खालून खडखड आवाज येतो म्हणून परत आली. बाईंनी खराब रस्त्यांना बोल लावला आणि सुनेला बोल्ट आवळायला सांगितले. छोट्या गाड्यांची छोटी इंजिने, त्यांनी सांभाळून घेतले. जो गुन्हा दररोज पचतो, त्याची पुढे सवय होते. सवयीला कोणी गुन्हा म्हणत नाही.

मुलाच्या गाडीचा शाफ्ट तीनदा उतरवला गेला आणि तीनदा पुन्हा बसवला गेला. शेवटी हँडब्रेकची तार त्याला घासते असे दिसले, म्हणून सुनेने तो चौथ्यांदा खाली घेतला, तार बाजूला बांधली आणि गिअरबॉक्सच्या तोंडाशी चार बोल्टवर तो परत जोडला. रीतीप्रमाणे शेवटचा पिळा राखून तिने सासूबाईंना हाक मारली. दुपार होती, चहाचे कप नुकतेच उचलले होते. सुनेने दिवा धरला. बाईंनी हात वर नेला. स्पोर्ट्स कारच्या पुस्तकात आकडा पासष्टच होता. हे इंजिन वेगळे आहे, हा विचार त्यांच्या मनात आला, अगदी स्पष्ट आला. पण सुनेचा चेहरा हातभर अंतरावर होता आणि ती त्यांच्या मनगटाकडे पाहत होती. चार वेळा टक् झाले. जुन्या रेघा पुसून नव्या ओढल्या गेल्या.

रविवारी सकाळी मुलगा गाडी टेकडीवर घेऊन गेला. तिसऱ्या वळणानंतर त्याने दुसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला. चारही बोल्ट एकामागून एक तुटले, मोकळा झालेला शाफ्ट जोराने गरगरत बोगद्याच्या पत्र्याला भिडला आणि पत्रा कागदासारखा फाटला. गाडी कठड्याला घासून थांबली. मुलाच्या डोक्याला साधे खरचटलेही नव्हते. डावा पाय मात्र मांडीपासून गेला. डॉक्टरांना जे कापावे लागले ते आधीच अर्धे तुटलेले होते.

दहाव्या दिवशी अपघाताची चौकशी करणारा तज्ज्ञ गॅरेजात आला. बारीक अंगाचा, हळू बोलणारा माणूस. त्याने शाफ्टचे तोंड टेबलावर ठेवून बोल्टची भोके दाखवली; ती लंबगोल झाली होती. बोल्टमध्ये खोट नव्हती, ते सुरुवातीपासून सैल होते, असे त्याचे म्हणणे पडले. तपासणी कोणी केली, असे त्याने विचारले.

"मी," बाई म्हणाल्या.

"टक् आवाज आला होता?"

"आला होता."

त्यांच्या बोलण्यात खोटे काही नव्हते, आणि त्यांना स्वतःलाच त्या शब्दांची किळस आली. तज्ज्ञाने मान हलवली. चाळीस वर्षांचा लौकिक त्याच्याही कानावर होता. तो दुसरीकडे कारण शोधू लागला. शाफ्ट त्यानंतर कोणी उतरवला होता का? सून भिंतीशी उभी होती. तिने हँडब्रेकच्या तारेची हकिकत सांगितली. परत जोडल्यावर आईंना बोलावले होते, असे ती म्हणाली. मग क्षणभर थांबली आणि बोलावलेच होते ना, अशा नजरेने तिने सासूबाईंकडे पाहिले. तीनदा उतरवला, तीनदा चढवला, चौथ्यांदा नक्की काय झाले हे त्या दहा दिवसांच्या जागरणाने तिच्या मनात गढूळ झाले होते. तिला एका शब्दाचा आधार हवा होता.

"मला आठवत नाही," बाई म्हणाल्या. "वय झालं आता."

आयुष्यात प्रथमच त्यांनी वयाचे नाव घेतले होते. तज्ज्ञाने सहानुभूतीने वही मिटली. सुनेने मान खाली घातली, आणि त्या दिवसापासून तिने पान्याला हात लावला नाही.

घरात ती बोलत असे, स्वयंपाक करी, दवाखान्यात डबा नेई. पण तिच्या हातांना काहीतरी झाले होते. साखरेच्या बरणीचे झाकण ती असे लावी की दुसऱ्या कोणाला उघडता येत नसे. नळ बंद करताना शेवटी आणखी एक पिळा देई. न्हाणीघराचा नळ, गॅसचे बटण, औषधाच्या बाटल्या, सारे काही तिने आवळून टाकले. एका सकाळी बाई नळापाशी भांडे घेऊन उभ्या राहिल्या. डाव्या हाताने नळ फिरेना. उजव्याने तर प्रश्नच नव्हता. त्या तशाच पाव तास उभ्या होत्या. शेवटी सून आली, तिने एका झटक्यात नळ उघडला आणि काही न विचारता निघून गेली. सासूबाईंच्या हाताला झाले तरी काय, हे विचारण्याइतकेही लक्ष तिच्यापाशी उरले नव्हते.

घड्याळ आता वेळेवर येऊ लागला होता. ती त्या दिवसांतली सर्वांत भयंकर गोष्ट होती.

तिसऱ्या आठवड्यात बाई दवाखान्यात गेल्या तेव्हा मुलगा उशीला टेकून बसला होता. चादर उजव्या बाजूला उंच होती आणि डाव्या बाजूला मांडीच्या मध्यापासून सपाट. बाईंनी त्या सपाट जागेकडे पाहायचे टाळले नाही. त्यांनी ती पाहिली आणि खुर्ची त्याच बाजूला ओढली. थोडा वेळ तो जेवणाबद्दल, शेजारच्या खाटेवरच्या घोरणाऱ्या म्हाताऱ्याबद्दल बोलला. मग आवाज उतरवून म्हणाला, "आई, तिला काही बोलू नकोस."

"कोणाला?"

"तुला माहीत आहे कोणाला. ती काल इथे बसून नुसती माझी नखं कापत होती, एक शब्द नाही. चूक कोणाच्याही हातून होते. मी तिला माफ केलंय, तूही कर."

बाई गप्प होत्या. त्यांच्या गप्प बसण्याचा त्याने भलताच अर्थ घेतला.

"तुझ्या हातून झालं नसतं हे, ठाऊक आहे मला. पण सगळ्यांचे हात तुझ्यासारखे कुठून आणायचे?"

एरवी अशा वाक्याने बाईंची मान ताठ झाली असती. आज त्यांना वाटले, याने आपल्या तोंडावर थुंकले असते तर बरे झाले असते. त्यांनी त्याच्या अंगावरची चादर सारखी केली, मग पुन्हा सारखी केली, आणि उठल्या. त्याला तिथे सांगणे सोपे गेले असते. तो आईला माफ करून मोकळा झाला असता. ज्या माणसाकडून माफी मिळण्याची आशा नव्हती, त्या माणसासमोरच हे आधी बोलायला हवे, एवढे त्यांना कळत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेज उघडल्याबरोबर त्यांनी सुनेला बोलावून घेतले आणि घड्याळालाही थांबायला सांगितले. लिफ्टवर एक पांढरी गाडी चढवलेली होती. बाईंनी टॉर्क रेंच सुनेच्या हातात दिला.

"पासष्टवर लाव."

"मी आता हे काम करत नाही, आई."

"काम करू नकोस. आकडा लाव."

सुनेने आकडा लावला. बाईंनी रेंच घेतला, गाडीखाली गेल्या आणि हात वर नेला. ओढले. चेहऱ्याचा रंग उडाला, ओठ दातांखाली गेला, रेंच थरथरला आणि आवाज आला नाही. त्यांनी पुन्हा ओढले. घड्याळ पुढे झाला तशी त्यांनी डाव्या हाताने त्याला दूर केले. मग दोघांच्या देखत मूठ फिरवून आकडा तीसवर आणला आणि ओढले.

टक्.

"हे दिलं मी त्याला," बाई म्हणाल्या. "चारही बोल्टना."

घड्याळ जमिनीकडे पाहत होता. अखेर त्याने खाकरून घसा मोकळा केला. रेंच परत ठेवताना आकडा तीसवर आपण दोनदा पाहिला होता, असे त्याने सांगितले.

"मग बोलला का नाहीस?" बाईंनी विचारले.

"तुम्हाला कोण सांगणार, बाई?" तो म्हणाला. त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. तीस वर्षे जसे होते तसे त्याने सांगितले.

सून रेंचकडे पाहत होती. "तारेनंतर मी तुम्हाला बोलावलं होतं," ती म्हणाली. हा प्रश्न नव्हता.

"बोलावलं होतंस. चहाचे कप उचलल्यावर. दिवा तू धरला होतास."

"तीन आठवडे मी तो दिवस आठवतेय. रोज. आता आता तर मला त्यात मीच दिसेनाशी झाले होते." तिचा आवाज चढला नाही. "तुम्ही माझ्यासमोर ताटावर बसत होतात. मी वाढत होते."

बाईंनी मान हलवली. हात जोडावेत, काही म्हणावे, असे त्यांना वाटले; पण या मुलीने आपल्याकडून कधी असे काही मागितले नव्हते आणि आताही ती मागत नव्हती. तिचे लक्ष एव्हाना बाईंवरून निघून लिफ्टवरच्या पांढऱ्या गाडीकडे गेले होते.

"किती महिन्यांपासून?"

"सहा."

"खालची कामं किती झाली?"

"सदतीस."

"कुठल्या कुठल्या?"

बाई सांगू लागल्या. कोणत्या रंगाची, कोणाची, कोणत्या महिन्यातली, कोणता बोल्ट. एकही गाळली नाही, एकदाही अडखळल्या नाहीत. घड्याळ भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहीत गेला. वीस गाड्या झाल्या तेव्हा सुनेने एकदाच त्यांच्याकडे पाहिले. चौकशीच्या दिवशी ज्यांना काही आठवत नव्हते, त्या याच बाई होत्या. त्या नजरेपुढे बाईंनी सांगणे थांबवले नाही. थांबल्या असत्या तर पुन्हा सुरू करणे त्यांना जमले नसते.

यादी पुरी झाल्यावर सुनेने रेंच उचलला, आकडा पासष्टवर नेला आणि पांढऱ्या गाडीखाली जाऊन उभी राहिली. "ह्यांना तुम्हीच सांगायचं," ती म्हणाली. "आज संध्याकाळी, मी नसताना. पण आधी हे फोन. घड्याळकाका गाड्या आणायला जातील, आवळायचं मी पाहते. फोन तुम्ही करा."

बाई काचेच्या खोलीत गेल्या. या खोलीतून त्यांनी आजवर लोकांना हुकूम सोडले होते. त्यांनी पहिला नंबर फिरवला. एका बाईने फोन उचलला. गाडी घरी नव्हती. नवरा दोन्ही मुलांना घेऊन पहाटेच तिच्या माहेरी निघाला होता, चार तासांचा रस्ता, आणि गाडी चालवताना तो फोन उचलत नसे.

"तरी लावत राहा," मोठ्या बाई म्हणाल्या. "गाडी बाजूला घ्यायला सांगा. जिथे असेल तिथे. आमचा माणूस तिकडे निघतोय."

"अहो, पण झालंय काय? त्यांना काय सांगू मी?" पलीकडचा आवाज घाबरला होता. "तुमच्याकडूनच तपासून आणली होती ना? पांढरी रेघ दाखवली होती त्यांनी मला."

"रेघ माझ्या हातची आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "त्यांना सांगा, मी गाडी तपासली नव्हती. हेच शब्द सांगा. आता फोन ठेवा आणि त्यांना लावा."

काचेपलीकडे लिफ्टखालून टक् असा आवाज आला. बाईंनी दुसरा नंबर फिरवला.